वाघ दिसला का?

आम्हा अमरावतीकरांचा एक स्वभाव आहे. लांबचे सगळे आम्ही पाहून येतो आणि जवळचे तेवढे राहून जाते. माझेच पाहा ना! मी काश्मीर पाहिले, उटी पाहिली, एकदा अंदमानालाही जाऊन आलो. पण परतवाड्याच्या रस्त्याला लागले की ज्या डोंगरांची निळी कड समोर दिसू लागते, त्या मेळघाटाच्या जंगलात वयाच्या छप्पन्नाव्या वर्षापर्यंत मी शिरलो नव्हतो. चिखलदऱ्याला गेलो होतो, नाही असे नाही. पण धुक्यात उभे राहून मक्याचे कणीस खाणे आणि फोटो काढून घेणे याला जंगल पाहणे म्हणत नाहीत, हे मला आता कळते.

गेल्या कोजागिरीची गोष्ट. गच्चीवर दूध आटत होते आणि माझी धाकटी, ती सहावीत आहे, मला विचारत होती, "बाबा, आमच्या वर्गातली कितीतरी मुलं ताडोब्याला जाऊन आली. मेळघाटला कोणीच गेलं नाही. मेळघाटात वाघ नाहीत का?"

"आहेत तर! चांगले आहेत."

"मग आपण का नाही गेलो?"

बापाला निरुत्तर करणारे प्रश्न मुलांना कोण शिकवते कोण जाणे! अशा वेळी सगळे बाप जे करतात तेच मी केले. म्हटले, "पुढच्या महिन्यात नक्की जाऊ." दूध पिऊन झाले की ती विसरेल अशी माझी अटकळ होती. पण कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आई म्हणाली, "जासान तं अकोल्यावाल्याइलेही संग घेजा."

गच्चीवर एकदम शांतता पसरली. सौ. विनाकारण दूध ढवळू लागली.

अकोल्यावाला म्हणजे माझा धाकटा भाऊ. आमचे दर्यापूरला वडिलोपार्जित घर आहे. ते विकावे असे माझे म्हणणे. राखावे असे त्याचे म्हणणे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते, आणि म्हणूनच भांडण मिटत नव्हते. शेवटी घर विकलेही नाही आणि राखलेही नाही. त्याला कुलूप लावले. एक नव्हे, दोन! एक माझे आणि एक त्याचे. दोन वर्षांपासून आम्हा भावांत एवढेच बोलणे होई: "आईला शनिवारी आणून सोडतो." "बरं." सहा महिने अमरावती आणि सहा महिने अकोला, अशी ब्याऐंशी वर्षांची आई दोन घरांत वाटली गेली होती. घराची वाटणी झाली नाही, आईची मात्र झाली!

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला फोन लावला. "मेळघाटला जायचा बेत आहे. आई म्हणते, तुम्हीही या."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग प्रश्न आला, "कोणत्या दाराने?"

या प्रश्नाने मी चकित झालो. जंगलाला दारे असतात हेच मला ठाऊक नव्हते. भाऊ पाटबंधारे खात्यात तीस वर्षे होता; त्याला त्या डोंगराचे सगळे नाले तोंडपाठ. मी आपला ऐकीव नाव सांगून मोकळा झालो, "सेमाडोह."

"सेमाडोहच कशाला? अकोटवरून शहानूरला या. नरनाळा किल्लाही पाहून होईल."

झाले! घराच्या भांडणाला जंगलाचे पान फुटले. परतवाड्यावरून घाट चढून सेमाडोह, कोलकास, हरिसाल ही आमची अमरावतीची वाट. अकोटवरून पोपटखेड, शहानूर ही त्यांची अकोल्याची. मी गाविलगड काढला, त्याने नरनाळा काढला. १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीने गाविलगड घेतला हे मी सांगितले. त्याने नरनाळ्याचा महाकाली दरवाजा आणि नऊगजी तोफ माझ्या अंगावर घातली. दोन्ही किल्ले एकेकाळी एकाच इमादशाहीचे होते, हे त्या वेळी दोघांनाही आठवले नाही.

इकडे आम्ही किल्ले लढवीत असताना सौ.ने एक वही उघडली होती. तिच्यात नऊ माणसांची यादी, नऊ कानटोप्या, दशम्या, तिळाची चटणी, ठेचा, चिवडा, संत्री, आईची औषधे, असे सगळे टिपलेले होते. अकोल्याच्या मुलांच्या स्वेटरांचे रंगसुद्धा होते. मी विचारले, "हे तुला कसे ठाऊक?" ती म्हणाली, "आम्ही रोज दुपारी बोलतो की!" दोन वर्षे दोघे भाऊ तोंडे फिरवून बसले होते आणि दोघी जावा रोज दुपारी बोलत होत्या. संसार कोण चालवते याचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

आमच्या गल्लीत एक निवृत्त वनपाल राहतात. त्यांना मी चहाला बोलावले. पहिलाच प्रश्न विचारला, "वाघ दिसेल ना हो?"

त्यांनी कप खाली ठेवला. "वाघच पाहायचा असेल तर वैशाखात जा. तेव्हा पाने गळलेली असतात, गवत वाळलेले असते, पाणवठे मोजके उरतात. जनावराला पाण्यावर यावेच लागते. तुम्ही मार्गशीर्षात निघालात. आता ओढ्या-ओढ्याला पाणी आहे, गवत कमरेएवढे आहे. त्यात मेळघाट म्हणजे ताडोब्यासारखी सपाटी नव्हे. घाटांचा मेळ तो मेळघाट! वाघ या दरीतून त्या दरीत गेला की गेला. वाघ तुम्हाला पाहील. तेवढ्यावर समाधान मानायचे असेल तर जा."

मग त्यांनी आम्हाला जंगलात जायची रीत शिकवली. तांबडे-पिवळे कपडे घालायचे नाहीत. मातकट नाहीतर हिरवट चालतील. अत्तर लावायचे नाही. गाडीतून उतरायचे नाही, ओरडायचे नाही, प्लॅस्टिकचा कपटा टाकायचा नाही. आरक्षणाच्या वेळी ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला, तेच ओळखपत्र जवळ ठेवायचे. वाटाड्या बरोबर घ्यायचाच, आणि तो सांगेल ते ऐकायचे. "आणि परत येणाऱ्या गाडीला 'वाघ दिसला का' असे विचारू नका," ते म्हणाले. "ज्याला दिसला नाही त्याचा दिवस त्या प्रश्नाने नासतो."

१९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत आमचा मेळघाट होता, ही गोष्टही त्यांच्याकडूनच कळली. पुढे १९८७ साली त्याच्या गाभ्यातल्या सुमारे ३६१ चौरस किलोमीटरांचे गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले. "अन् त्यासाठी गावं उठली," जाता जाता ते म्हणाले. "बोरी, कोहा, कुंड. पुढं आणखीही. वाघ पाहायला जाल तेव्हा तेही आठवा."

आरक्षणाचे काम मी स्वतःकडे घेतले होते. संगणकावर बसून, चष्मा पुसून, नऊ जणांची नावे, वये आणि ओळखपत्रांचे क्रमांक भरले, पैसे भरले आणि घरभर पेढे वाटावेत अशा थाटात पावती छापून घेतली. सौ.ने ती वाचली आणि म्हणाली, "ही तर जानेवारीची आहे." माझ्याच हातून महिना चुकला होता! आता पुन्हा पैसे भरणे आले. ही बातमी दुपारच्या फोनाने अकोल्याला पोचली असावी, कारण संध्याकाळी भावाचा फोन आला. तो काही बोलेना. नुसता हसत होता. मीही हसू लागलो. दोन वर्षांत आम्ही एकत्र हसलो ते त्या चुकीच्या तारखेवर.

पुढच्या रविवारी तो नकाशाची गुंडाळी घेऊन आला. चपला दाराशी काढताना जरा घुटमळला. मी "ये" म्हणालो, तो "हं" म्हणाला. जेवणाच्या मेजावर नकाशा पसरला. कोणत्या दाराने जायचे याचा निकाल लावायचा होता. तेवढ्यात आई आपली खुर्ची सरकवून जवळ आली आणि म्हणाली, "मले वाघ नाही पाहाचा. थे शहानूरचं पाणी येते कुठून, थे पाहाचं हाय."

इथे आईच्या माहेराबद्दल सांगितले पाहिजे. ते दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. जमीन काळीभोर, कापूस उत्तम. पण विहीर खणली तर पाणी खारे. आईच्या लहानपणी त्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. पिण्याचे पाणी दोन कोसांवरून डोक्यावर आणायचे, पावसाचे रांजणात भरून ठेवायचे. पाहुणा आला तर आधी गूळ नव्हे, गोड पाणी आहे की नाही याची चिंता! माझे मामा मूत्रपिंडाच्या दुखण्याने गेले. पाण्यानेच गेले, असे आई म्हणते. डॉक्टरांनी तसे लिहून दिले नाही. पण त्या पट्ट्यातल्या बायकांना कागदाची गरज वाटत नाही.

पुढे कधीतरी गावात नळ आला. माहेरी गेलेल्या आईने ते पाणी प्यायले आणि विचारले, "कुठलं हे?" सगळे म्हणाले, "शहानूरचं." तेवढ्यावर तिने शहानूर नावाच्या कोणा पुण्यवान गावाला मनोमन हात जोडले होते.

भावाने नकाशावर बोट ठेवले. "आई, हे शहानूरचं धरण, अंजनगावच्या अंगाला. ही नदी. अन् हिचा उगम हा इथं, मेळघाटाच्या डोंगरात." मग तो खुलून बोलू लागला. पाऊस पडतो तेव्हा झाडोरा, गवत आणि पालापाचोळा ते पाणी धरून ठेवतात. ते जमिनीत मुरते आणि महिनोन्‌महिने झऱ्यांतून पाझरत राहते. उघड्या डोंगरावरचे पाणी चार तासांत वाहून जाते आणि जाताना माती नेऊन धरणात टाकते. "वाघासाठी म्हणून जंगल राखलं गेलं, अन् जंगल राहिलं म्हणून हे नाले वाहतात," तो म्हणाला. "आमच्याकडं अकोट-तेल्हाऱ्याला वान धरणाचं पाणी; तेही याच डोंगराचं."

मी विचारले, "मग सेमाडोहची सिपना?"

"ती उत्तरेला वाहते. डोंगराच्या त्या अंगाला पडलेला थेंब सिपनेतून, गाडग्यातून तापीत जातो. ह्या अंगाला पडलेला शहानूर, चंद्रभागा, वान करीत पूर्णेत येतो. अन् पूर्णा जाऊन चांगदेवाला तापीलाच मिळते."

आई नकाशाकडे पाहत म्हणाली, "म्हंजे शेवटी एकच."

कोणीच काही बोलले नाही. सौ.ने चहा आणला. तिथेच ठरले: जाताना सेमाडोह, येताना शहानूरचे धरण, दर्यापूर आणि मग अकोला. दोन्ही पक्ष राहिले.

शेवटचा वाद बसण्यावरून झाला. एका जिप्सीत सहा माणसे, आम्ही नऊ. दोन गाड्या घ्याव्या लागणार. साहजिकच एक अमरावतीची आणि एक अकोल्याची, असे आम्ही दोघे धरून चाललो होतो. आई म्हणाली, "माह्या गाडीत माहे दोघं पोरं. सुना अन् लेकरं दुसऱ्या गाडीत." तिने सामानात एक तांब्याचा गडूही घातला. सौ.ने विचारले, "जंगलात हा कशाला?" आई म्हणाली, "राहू दे."

अशा रीतीने मार्गशीर्षातल्या एका पहाटे आम्ही सेमाडोहच्या थंडीत कुडकुडत दोन जिप्सींत बसलो. आमच्या गाडीचा वाटाड्या एक कोरकू तरुण होता. त्यानेच सांगितले की कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग, आणि वाघाला ते लोक 'कुला' म्हणतात; जंगलात कुलामामाची पूजा असते. आमच्या आजोळी मामाला जो मान, तो इथे वाघाला!

दोन तास आम्ही हिंडलो. दवाने जड झालेले गवत, सागाची परातीएवढी पाने, ओढ्याकाठचे पांढऱ्या बुंध्याचे अर्जुन. एक सांबर आमच्याकडे पाहत उभे राहिले आणि निघून गेले. धुळीत एके ठिकाणी वाटाड्याने गाडी थांबवली. वाघाच्या पंजाचा ठसा! ताजा होता, त्यावर दवाचा एक थेंबही पडलेला नव्हता. "आत्ताच गेला," तो म्हणाला. मी श्वास रोखून गवताकडे पाहत राहिलो. गवत हलले नाही. वनपाल म्हणाले होते तेच खरे: पाहणारे आम्ही नव्हतो.

थोडे पुढे सागाच्या एका वठलेल्या फांदीवर एक लहानसे, गुबगुबीत घुबड उन्हात बसले होते. "रानपिंगळा," वाटाड्या कुजबुजला. हा पक्षी १८८४ नंतर कोणाच्याच पाहण्यात आला नव्हता. पृथ्वीवरून नाहीसा झाला असे समजले गेले होते. १९९७ साली तो खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि मग मेळघाटातही. एकशे तेरा वर्षे माणसांनी ज्याला गेलेला मानले, तो आपल्या फांदीवर बसूनच होता! तो दिवसाढवळ्या मान फिरवून आमच्याकडे बघत होता. आईला नीट दिसेना. भावाने तिचे डोके हलकेच त्या बाजूला वळवले, मी बोट दाखवले. "दिसला," ती म्हणाली. खरोखर दिसला की आम्हाला बरे वाटावे म्हणून म्हणाली, ते मी विचारले नाही.

परतीच्या वाटेवर आईने वाटाड्याला विचारले, "बावा, तुमचं गाव कोणतं?" तो म्हणाला, "आजाचं गाव आत होतं, आजी. उठलं." आणि थोड्या वेळाने, "आजा म्हणतो, तिकडं जमीन भेटली, रस्ता भेटला, दवाखाना भेटला. पण रात्री झोप येत नाही. जंगलाचा आवाजच नाही म्हणतो." आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. पुढे ती बोलली नाही, आणि आम्हीही. जे गोड पाणी आमच्या नळाला येते, त्याची किंमत कोणीतरी आपले अंगण सोडून दिलेली असते, हे नकाशावर कुठेच लिहिलेले नव्हते.

फाटकाशी दुसरी गाडी आमच्या आधी येऊन उभी होती आणि तिच्यात नुसता कल्लोळ चालला होता. त्यांना अस्वल दिसले होते! पिलाला पाठीवर घेतलेली अस्वलीण. दोघी जावा ते एकाच वेळी सांगत होत्या. माझ्या धाकटीने विचारले, "बाबा, तुम्हाला काय दिसलं?" मी म्हणालो, "घुबड." ती इतकी हसली की वाटाड्याने तोंडावर बोट ठेवले.

दुसऱ्या दिवशी अंजनगावच्या अंगाने आम्ही शहानूरच्या धरणाशी गेलो. पाणी शांत होते आणि पलीकडे मेळघाटाची तीच निळी कड. आई दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून काठाशी उतरली. ओंजळीत पाणी घेतले, डोळ्यांना लावले. मग गडू भरायला सांगितला. "दर्यापूरले तुळस हाय," एवढेच म्हणाली.

दर्यापूरच्या घरापाशी गाड्या थांबल्या. दाराला दोन कुलुपे. मी म्हणालो, "किल्ली अमरावतीला राहिली." भाऊ म्हणाला, "माझीही अकोल्यालाच." तेव्हा सौ.ने पर्स उघडून माझी किल्ली काढली, आणि भावजयीने तिच्या पर्समधून त्याची. दुपारच्या फोनांत काय काय ठरत होते, देव जाणे! आम्ही दोघांनी आपापले कुलूप काढले. अंगणात तुळस वाळून काडी झाली होती. आईने सगळा गडू तिच्या बुडाशी ओतला. पाणी वृंदावनाच्या मातीत क्षणात जिरून गेले.

घराचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही. तुळशीला पुढे पालवी फुटली, असेही मी सांगणार नाही. ती फुटली नाही, नवे रोप लावावे लागले. मात्र निघताना दाराला एकच कुलूप लावले. त्याची एक किल्ली माझ्याकडे आहे, एक त्याच्याकडे. महिन्याआड कोणीतरी जाऊन रोपाला पाणी घालून येतो.

अमरावतीला परतल्यावर महिनाभर जो भेटेल तो विचारी, "काय, वाघ दिसला का?" मी ओशाळून "नाही" म्हणे. एकदा आई ओट्यावर बसली होती; तिनेच परस्पर उत्तर दिले, "काहून रे, वाघ काय आमची वाट पाहून राहिला होता? त्याच्या घरी जाऊन आलो, पाणी पिऊन आलो. पुरे झालं."

यंदा कोजागिरीला अकोल्याची मंडळी आमच्या गच्चीवर होती. दूध पिता पिता भाऊ म्हणाला, "वैशाखात शहानूर. नरनाळाही पाहू. आरक्षण मी करतो. दादा, तू तारखेला हात लावू नकोस!"